दगडाला घाम

गल्ली खचत होती याबद्दल दुमत नव्हतं. दरवर्षी बोटभर. बोट कुणाचं, एवढाच वाद होता. पाणीखात्याच्या मते करंगळी, शिंपीणबाईंच्या मते अंगठा, आणि तोही त्यांच्या नवऱ्याचा, जो अंगापिंडाने दांडगा होता.

गल्लीच्या तोंडाशी पंपाचा एक जुना लोखंडी पाइप होता, खाली खोल खडकात रोवलेला. बावीस वर्षांपूर्वी तो गुडघ्याएवढा होता आणि न्हावी त्यावर बसून गिऱ्हाइकांची वाट बघत असे. आता तो कमरेपर्यंत आला होता आणि न्हावी त्यावर टॉवेल वाळत घालत असे. पाइप जागचा हलला नव्हता, गल्लीच खाली गेली होती. पण रोज बघणाऱ्याला पाइप वाढतोय असंच वाटायचं. न्हावी तर आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचा, "अंगाने भरला नाही, पण उंची चांगली घेतोय."

घाबरत कुणीच नव्हतं. कारण गल्लीत दगडकाका राहत होते.

दगडकाका म्हणजे दाब्याचे वडील. छत्तीस वर्षं त्यांनी खडकांच्या प्रयोगशाळेत दाबयंत्र चालवलं. जमिनीखालून काढलेले दगडाचे गोल, मेणबत्तीएवढे तुकडे यंत्रात घालायचे, चहूबाजूंनी दाबायचे आणि किती बसले ते लिहायचं, असं ते काम. ते निवृत्त झाले आणि त्याच यंत्रावर मुलगा लागला. त्याला सगळे दाब्या म्हणत. आईसुद्धा. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि तिथेच राहिलं.

बावीस वर्षांपूर्वी गल्लीखालच्या खडकातून पाणी उपसायचं ठरलं, तेव्हा त्या खडकाचा तुकडा काकांनीच दाबला होता. तो दबलाच नाही. यंत्राचा काटा शेवटच्या रेघेला टेकला, यंत्र कण्हायला लागलं, दगड ढिम्म. साहेबांनी अहवाल दिला: खडक दबत नाही, खुशाल उपसा. पंप सुरू झाले. तुकडा काकांनी साहेबांकडून मागून घेतला. तेव्हापासून तो शोकेसमध्ये, आईने विणलेल्या रुमालावर उभा होता. शेजारी लग्नातला फोटो होता, पण पाहुण्यांना आधी दगड दाखवला जायचा. फोटो वेळ उरला तर.

"वरची माती बसतेय, बाकी काही नाही," काका सांगत. "ट्रक जातात, घरं चढतात, माती बसणारच. बसली की थांबेल. खाली माझा दगड आहे." हे ऐकून गल्ली निश्चिंत व्हायची आणि आणखी बोटभर खाली जायची. घरांची दारं जमिनीला घासायला लागली की काका रंधा घेऊन यायचे आणि दार खालून तासून द्यायचे. पंधरा घरांची दारं. काही दारं आता इतकी आखूड झाली होती की त्यांना खिडकी म्हणायला फारसं काही बाकी नव्हतं.

त्या वर्षी पाणीखात्याची नोटीस आली. टेकडीवर, जिथे खाली सच्छिद्र काही नाही, नुसता काळा कातळ आहे, तिथे एक इमारत बांधून तयार आहे. गल्लीतल्या पंधरा कुटुंबांसाठी पंधरा घरं. गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत अर्ज द्यावा. त्यानंतर उरलेली घरं दुसऱ्या खचत्या वस्तीला दिली जातील. खचत्या वस्त्यांची रांग होती.

काकांनी नोटीस वाचली, तिची बारीक घडी केली आणि डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. कैक वर्षांत पहिल्यांदा टेबल सरळ उभं राहिलं. गल्लीने हे पाहिलं. पंधरा नोटिसा, पंधरा टेबलं.

*

नोटीस आली त्याच आठवड्यात प्रयोगशाळेतल्या मॅडमनी गल्लीखालून काढलेले तीन नवे तुकडे दाब्याच्या टेबलावर ठेवले.

खडक म्हटलं की लोकांना भरीव वाटतो. सगळेच नसतात. हा वाळूच्या दाण्यांचा होता, दाणा दाण्याला चिकटलेला, मध्ये भोकं, भोकांत पाणी. दिसायला साखरेच्या खड्यासारखा. वर अख्खं शहर बसलेलं असतं, त्याचं ओझं अर्धंमुर्धं ते पाणीच उचलतं. पाणी उपसून घेतलं की सगळा भार दाण्यांवर. सुरुवातीला दाणे नुसते अंग चोरून बसतात. भार काढला तर थोडे परत उसळतात. पण एक हद्द असते. तिच्यापलीकडे दाणे फुटायला लागतात, त्यांचा चुरा भोकांत शिरतो आणि भोकं संपतात. मग पंप बंद करा, पाणी परत सोडा, हात जोडा, काही होत नाही. धाकट्या भावाने खोलीत ट्रंक आणून ठेवली की ती खोली जशी परत मिळत नाही, तसंच.

दाब्याने पहिला तुकडा चढवला. भोकांत पाणी भरलं, दगडाला रबराची बाही घातली, दोन्ही टोकांना पोलादी टोप्या लावल्या आणि तेलाच्या नळकांड्यात सोडून दाब वाढवत नेला. पडद्यावर रेघ उमटत होती, तरी त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला लावलं आणि मूठ कानाला. ही वडिलांची शिकवण. ते म्हणायचे, काटा खोटं बोलेल, दगड बोलणार नाही.

बराच वेळ दगड गप्प होता. मग फार लांब कुठेतरी कुणी साखर चावतंय असा आवाज आला. मग दोघं चावतायत असा. मग जेवणाची अख्खी पंगत.

पडद्यावरची रेघ घसरली. दाब्याने दाब काढला. रेघ वर आली नाही. दुसरा तुकडा, तेच. तिसऱ्याच्या वेळी त्याने कानाला काही लावलंच नाही.

मॅडम आल्या, रेघा पाहिल्या आणि जुना अहवाल टेबलावर ठेवला.

"तुमच्या वडिलांचा तुकडा याच थरातला."

"हो."

"तो दबला नाही."

"केसभरही नाही."

"एवढा चांगला दगड मी उभ्या जन्मात पाहिला नाही," मॅडम म्हणाल्या. "नोकरीच्या अर्जात माणसं असतात तसा आहे. इतकं चांगलं काही दिसलं की मी विचारते, लपवलंय काय. तो तुकडा आहे का कुठे अजून?"

"आमच्या शोकेसमध्ये आहे. रुमालावर."

"रुमाल कसा आहे?"

हा काय प्रश्न झाला, असं दाब्या म्हणणार होता. पण त्याला रुमाल आठवला. "आई दर रविवारी धुते तो."

"का?"

लहानपणापासून घरात जे वाक्य अगदी सरळ वाटत होतं, ते त्याला पहिल्यांदाच बाहेरच्या माणसासमोर म्हणायचं होतं.

"दगडाला घाम येतो," तो म्हणाला.

मॅडमनी चष्मा काढला. पुढचं दोघांनाही ठाऊक होतं. रबराची बाही असते ती बाहेरचं तेल दगडाच्या आत जाऊ नये म्हणून. बाहीला टाचणीएवढं भोक असलं तरी तेल आत शिरतं, सगळी भोकं भरतं आणि बाहेरून जितक्या जोराने दाबाल तितक्याच जोराने आतून दाबतं. असा दगड दबणार कसा? तो दाबलाच जात नसतो. जगातला सर्वांत मजबूत दगड म्हणजे फाटक्या बाहीतला दगड. तो बाहेर निघाला की पुढची कैक वर्षं तेवढं तेल मात्र गाळत बसतो.

आणि फाटक्या बाह्यांबद्दल दगडकाकांची ख्याती होती. बाह्या कधीच पुरेशा यायच्या नाहीत. बाकीचे हात वर करून बसायचे. काका सायकलच्या ट्यूबला लावतात तसं ठिगळ लावून बाही पुन्हा वापरायचे. साहेब बाहेरच्या पाहुण्यांना आणून ते दाखवायचे.

*

रविवारी दुपारी आई रुमाल धुवायला काढणार, तेवढ्यात दाब्या म्हणाला, "थांब जरा. इस्त्री कुठाय?"

"रुमालाला कोण इस्त्री करतं?"

"रुमालाला नाही. दगडाला."

आईने इस्त्री दिली. या घरात बापाची छत्तीस अधिक लेकाची नऊ वर्षं दगडाचं काय काय झालं होतं. इस्त्रीच राहिली होती. "मंद ठेव," एवढंच ती म्हणाली. "मागे माझं पातळ जाळलंयस."

काका पेपर खाली ठेवून बघत होते. दाब्याने दगड टिपकागदात गुंडाळला, टेबलावर आडवा ठेवला आणि वरून गरम इस्त्री फिरवायला लागला. नोटिशीमुळे टेबल अजिबात हललं नाही.

कागदावर आधी एक ठिपका उठला. मग नाण्याएवढा डाग. मग कागद आरपार दिसायला लागला आणि खोलीत वास पसरला. छत्तीस वर्षं काकांनी त्याच वासात डबा खाल्ला होता. त्यांना कागद बघायचीही गरज पडली नाही.

"अहो, बावीस वर्षं सांगतेय मी, तेल आहे म्हणून," आई म्हणाली. "तुम्ही म्हणायचात, दगड श्वास घेतो."

काकांनी टिपकागद हातात घेतला आणि खिडकीकडे धरला.

"तीन ठिगळांची बाही होती ती," ते म्हणाले. "तिसरं मी मधल्या सुट्टीत लावलं. साहेबांना घाई होती."

"टाचणीएवढं भोक पुरतं, बाबा."

"मला शिकवतोस?"

"शिकवत नाही."

"नवे किती दाबलेस?"

"तीन."

"ऐकलंस कान लावून?"

"ऐकलं."

"कसं होतं?"

दाब्याला खोटं बोलता आलं असतं. पण हा प्रश्न विचारणाऱ्याला आवाज पाठ होता. "पंगत बसल्यासारखं," तो म्हणाला.

काका उठले. चपला घातल्या. दार उघडताना ते घासलं, तेव्हा सवयीने त्यांनी खाली किती तासावं लागेल ते पाहिलं, आणि मग पाहणं अर्ध्यावर सोडून ते बाहेर पडले. गुरुवारला चार दिवस होते आणि दारं चौदा.

*

दाब्याला वाटलं होतं, अवघड भाग संपला. मुलाचं गल्ली ऐकणार नाही हे त्याला माहीत होतं. पण बापाच्या शब्दावर जे थांबलेत ते बापाच्या शब्दावर उठतील, असा त्याचा साधा हिशेब होता. चढवलेला भार काढून घेतला की झालं. हाच हिशेब तीन दिवसांपूर्वी यंत्रात चुकलेला त्याने डोळ्यांनी पाहिला होता, तरी.

तो काकांच्या मागे दारोदार फिरला.

निवृत्त हेडमास्तरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "काका, तुमचं वय काय आता?"

"चौऱ्याहत्तर."

"मग बरोबर आहे," हेडमास्तर म्हणाले आणि आत जाऊन त्यांच्यासाठी खुर्ची घेऊन आले.

न्हावी दाब्याकडेच वळला. "म्हाताऱ्याच्या डोक्यात भरवलंस काय रे हे? टेकडीवर घर पाहिजे असेल तर सरळ सांग की. बापाला कशाला पुढे करतोस?"

"त्याने नाही भरवलं," काका म्हणाले. "चूक माझी आहे."

"हे बघा. मुलाला कसं पाठीशी घालतात. याला म्हणतात बाप."

शिंपीणबाईंनी मशीन थांबवलंच नाही. पायाने चालवत म्हणाल्या, "काका, बावीस वर्षं खरं बोललात आणि आज एका दिवसात खोटं?"

"उलट आहे, बाई. बावीस वर्षं खोटं होतं. मला माहीत नव्हतं."

"तेव्हा माहीत नव्हतं तरी बोललात."

"हो."

"मग आज माहीत आहे कशावरून?"

काका उंबऱ्यात उभे राहिले. त्यांनी दाब्याकडे पाहिलं. दाब्याने मशीनच्या चाकाकडे पाहिलं. उत्तर प्रयोगशाळेत होतं, पण ते घेऊन येता येत नव्हतं.

"टिपकागद आहे माझ्याकडे," काका शेवटी म्हणाले आणि खिशातून काढला.

शिंपीणबाईंनी तो बघितला. "वडे ठेवले होते वाटतं," त्या म्हणाल्या.

बुधवार संध्याकाळपर्यंत चौदाही दारं झाली. कुणी रागावलं नाही, कुणी भांडलं नाही. उलट सगळ्यांना काकांची काळजी वाटायला लागली. हेडमास्तरांच्या घरून विचारणा आली की डॉक्टरकडे न्यायला सोबत हवी आहे का.

*

गुरुवारी सकाळी दहाला काकांनी गल्लीला आपल्या पायरीपाशी बोलावलं. एका हातात दगड, दुसऱ्या हातात हातोडी.

"प्रयोगशाळेत नेऊ या ना," दाब्या हळूच म्हणाला. "मी तेल धुऊन, नवी बाही घालून सगळ्यांसमोर दाबून दाखवतो."

"यंत्रात काय होतं ते कुणाला दिसतं? मलाच दिसलं नाही." काकांनी दगड पायरीवर उभा केला. मग मोठ्याने म्हणाले, "हा बघा. याच्या जिवावर तुम्ही थांबलाय ना? याच्यात काही नाही. बघा."

छत्तीस वर्षांत त्यांनी हजारो दगड फोडले होते, पण एकही स्वतःच्या हाताने नाही. काम यंत्र करायचं. ते फक्त ऐकायचे. हातोडी वर गेली ती सरळ आणि खाली आली ती तिरपी. दगडाला चाटून पायरीवर बसली. पायरीचा कोपरा उडाला. दगड आडवा झाला, गल्लीच्या उतारावरून टुकटुक घरंगळत गेला आणि शिंपीणबाईंच्या पायाशी थांबला.

मग हेडमास्तर वाकले आणि चष्मा सावरून पाहू लागले.

"पायरी फुटली," ते म्हणाले. "दगड नाही."

"म्हटलं नव्हतं?" न्हावी म्हणाला.

"नेम चुकला," काका म्हणाले. "आणा इकडे. परत मारतो."

दाब्या हातोडी घ्यायला पुढे झाला तसा न्हाव्याने त्याचा दंड धरला. पकड घट्ट होती, रोज माणसांच्या माना धरणाऱ्याची. "राहू दे," तो समजुतीने म्हणाला. "त्यांच्या आयुष्याची कमाई आहे ती. आज डोकं ठिकाणावर नाही म्हणून फोडतील, उद्या रडतील."

शिंपीणबाईंनी दगड उचलला, पदराने पुसला. तो थोडासा तेलकट होता. मग त्यांनी तो छातीशी धरला, लेकरू धरावं तसा, आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"बाई, द्या तो," काका म्हणाले.

"नाही देणार. तुम्ही जायचं तर जा काका, तुमचं घर, तुमची मर्जी. दगड इथेच राहील."

गल्लीने माना डोलावल्या. बावीस वर्षांत त्यांचं एवढं एकमत कधी झालं नव्हतं.

काकांच्या हातातली हातोडी दाब्याने काढून घेतली. त्यांनी ती सहज दिली. जरा वेळाने ते पायरीच्या उडालेल्या कोपऱ्यावर बसले, कारण उरलेल्या पायरीवर लोक उभे होते.

पावणेपाचला दाब्या पाणीखात्याच्या खिडकीशी उभा होता. कारकुनाने अर्ज घेतला, उलटा करून पाहिला, की मागे आणखी चिकटलेत का.

"तुमच्या गल्लीत पंधरा घरं ना?"

"पंधरा."

"मग हे एकच?"

"बाकीच्यांना इथेच बरं वाटतंय."

कारकुनाने शिक्का मारला. पाच वाजता त्याने खिडकी लावली. ती अजिबात घासली नाही.

*

सामान ट्रकवर चढलं त्या दिवशी आईने आपला विणलेला रुमाल नेऊन शिंपीणबाईंना दिला. नुसत्या लाकडावर ठेवू नका, डाग पडतो, म्हणाली. रविवारी धुवा. गरम पाणी आणि साबण. मग दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

टेकडीवरच्या घरात सगळं सरळ होतं. टेबलाला काही लागत नव्हतं. दारं उघडायची, लागायची. पहिल्या आठवड्यात काका दोनदा रंधा घेऊन दाराशी गेले, वाकून बघितलं आणि परत आले. नंतर गेले नाहीत. शेजारची चौदा घरं दुसऱ्या खचत्या वस्तीतल्या लोकांना मिळाली. ती माणसं चांगली होती. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, तुम्ही कुठून आलात, तुमच्या बाकीच्यांचं काय झालं. काकांनी दाब्याकडे बघितलं. दाब्या म्हणाला, येतील.

प्रयोगशाळेत दाब्या ते तीन तुकडे रोज बघायचा. मॅडमनी अहवाल वर पाठवला होता. पंप बंद करायचे की नाही यावर पाणीखात्याची बैठक होणार होती, आणि नवा अहवाल जुन्याशी जुळत नाही म्हणून ती पुढे गेली होती. पंप चालू होते.

दर रविवारी शिंपीणबाईंचा फोन यायचा. आवाज इतका मोठा की फोन कानाला न लावताही घरभर ऐकू यायचा. पाइप न्हाव्याच्या शर्टाच्या खालून दुसऱ्या बटणाला आला. हेडमास्तरांच्या भिंतीला आडवी भेग गेली, तिच्यातून शेजारची बाई मीठ मागते. गल्लीच्या टोकाला पाणी साचलंय, ते आता वाळत नाही. त्यांच्या नवऱ्याला दारातून आडवं होऊन निघावं लागतं.

"पण काका, एक सांगते," त्या शेवटी दर वेळी म्हणायच्या. "दगड तस्साच आहे हं. केसभरही हलला नाही. काल सगळे येऊन बघून गेले."

पहिल्या रविवारी काका फोनवर पाऊण तास बोलले. बाही, ठिगळ, तेल, दाणे, सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्या रविवारी दहा मिनिटं. मग नुसतं "बाई, निघा तिथून." मग तेही नाही.

कितव्या रविवारची गोष्ट, ते दाब्याला आठवत नाही. फोन आला, पाइप झाला, भेग झाली, पाणी झालं. दगड तस्साच आहे, बाई म्हणाल्या. फक्त घाम जरा जास्त येतोय, उन्हाळा आहे ना.

काकांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. आई रिकाम्या शोकेससमोर उभी होती. दाब्याला वाटलं, आता ते काहीतरी सांगतील.

"पुसत जा," काका म्हणाले.